भाऊजी सोशल मीडियावर नाहीत

त्या रविवारी दुपारी मी तोंड फक्त जेवण्यापुरतं उघडलं असतं, तर ताईच्या घरची शांतता अजून टिकली असती. पण बोलल्याशिवाय मला घास उतरत नाही. मी पाण्याचा ग्लास उंच धरला आणि म्हणालो, "भाऊजी, अभिनंदन! वीस हजार झाले की!"

भाऊजींचा घास तोंडाशीच थांबला.

"वीस हजार काय?" ताईने विचारलं.

"संदेश! त्यांच्या त्या घड्याळांच्या मंचावर. काल सहज बघितलं, तर नावापुढे सोनेरी काटा लागलाय."

टेबलाखालून माझ्या नडगीवर कोणीतरी सणसणीत लाथ हाणली. 'कोणीतरी' हे मी भाऊजींची इभ्रत राखायला म्हणतो. ताईचे पाय तिथवर पोचत नाहीत आणि भाची माझ्या शेजारी बसली होती.

तिने, म्हणजे सतरा वर्षांच्या माझ्या भाचीने, चमचा ताटात ठेवला, हात पुसले आणि फ्रिजच्या दारावरचा कागद काढून आणला. तिला घरात सगळे वकीलबाई म्हणतात. कागद तिनेच लिहिलेला होता: 'ह्या घरात परीक्षा संपेपर्यंत कोणीही सोशल मीडिया वापरणार नाही. मोठ्यांनी मोडल्यास बंदी रद्द.' खाली तीन सह्या. त्यातली सगळ्यात मोठी, शेपटीचा फरकाटा पार कागदाबाहेर गेलेली सही भाऊजींची. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनीच सर्वांत आधी पेन उचललं होतं. "माझं काय जातंय?" असं म्हणत त्यांनी ती ठोकली होती. "मी कुठे असतो सोशल मीडियावर?" मग मुलीचा फोन त्यांनी स्वतःच्या हाताने दिवाणखान्यातल्या उंच घड्याळाच्या पेटीत ठेवला आणि पेटीला कुलूप लावलं. परीक्षेला अजून चौदा आठवडे होते.

"बाबा," वकीलबाई म्हणाली, "वीस हजार संदेश. हे काय आहे?"

"तो मंच आहे," भाऊजी म्हणाले.

"म्हणजे फोरम."

"मंच!"

"म्हणजे सोशल मीडिया."

भाऊजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. घड्याळजी माणसाचे हात कधी थरथरत नाहीत, धंदाच तसा. त्यामुळे त्यांचा राग कानात उतरतो.

आता हे भाऊजी काय चीज आहेत ते सांगायला हवं. भिंतीवरची आणि टेबलावरची, चावीची घड्याळं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. दुकान एवढं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं तर भाऊजींना मनातसुद्धा कूस बदलता येत नाही. भिंतीवर तीसेक घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी, कारण दुरुस्त झालेलं प्रत्येक घड्याळ स्वतःच्या मर्जीने चालून दाखवत असतं. खरी वेळ विचारली तर भाऊजी दारातून डोकं बाहेर काढून समोरच्या चष्मेवाल्याला विचारतात. डाव्या डोळ्याला भिंग अडकवलेलं. ते कपाळावर सरकवून ते जेवायला येतात आणि मग हात धुतल्यावर भिंग शोधत घरभर फिरतात.

ह्या माणसाला माणसं लागत नाहीत, अशी त्यांची ख्याती. ती त्यांनी स्वतःच पसरवली. लग्नाला गेले तर वधूवरांच्या आधी हॉलमधल्या घड्याळाची विचारपूस करतात. सोसायटीच्या सहलीला गेले नाहीत. शेजारी सोळा वर्षांत दोनदा बदलला, हे त्यांना तिसरा शेजारी आल्यावर कळलं. ताई म्हणते, "ह्यांना मित्र एकच, तो म्हणजे चिमटा." भाऊजींना हे वाक्य फार आवडतं. ते आल्यागेल्याला ऐकवतात.

आणि ह्याच माणसाचं घरच्यांपासून लपवलेलं, फक्त मला ठाऊक असलेलं, गेली तेवीस वर्षं चाललेलं एक दुसरं गाव होतं. म्हणजे तो मंच.

चावीची घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांचा मंच. पांढऱ्यावर निळी अक्षरं, नटवेपणा म्हणून नाही. उघडायलाच एवढा वेळ लागतो, की तोवर माणूस एखादा स्क्रू बसवून घेतो. तिथे कोणी खऱ्या नावाने नसतं. भाऊजी 'सेकंदकाटा'. कोणी 'पितळ'. कोणी 'जुनी चावी'. आणि एक 'लंबक', त्याचं नुसतं नाव काढलं तरी भाऊजींचा चहा गार होतो. विभागांची नावं 'चालत नाही', 'चालतं पण थांबतं', 'चालतं पण वाजत नाही' आणि 'वाजतं पण भलतंच'.

ह्या मंचाचा एक रिवाज आहे आणि तो जगात दुसरीकडे कुठे नसावा. भिंतीवरचं जुनं घड्याळ एकदा चावी दिली की आठ दिवस चालतं. ते खरंच नीट झालं का, हे बघायचं तर पुरी चावी उतरेपर्यंत थांबावं लागतं. म्हणून मंचावर नियमच होऊन बसलाय: मोठ्या प्रश्नाचं उत्तर आठव्या दिवशी. त्याआधी बोलेल तो उतावळा. आणि प्रश्न विचारताना तीन गोष्टी लिहायच्याच: बनावट कुठली, लक्षण काय, आणि तुम्ही आधी काय केलंत. ही तिसरी गोष्ट लिहिली नाही तर सगळे मिळून धुतात.

तर त्या रविवारी जेवणं तशीच राहिली आणि टेबलावर खटला उभा राहिला.

"सोशल मीडियावर फोटो असतात," भाऊजींनी सुरुवात केली. "आमच्याकडे नाहीत."

वकीलबाईने माझा फोन मागून घेतला. मी दिला, चुकीच्या मागे चूक येते म्हणतात ते खोटं नाही. तिने मंच उघडला आणि समोर धरला. "हा काय मग?"

"तो फोटो नाही. तो झिजलेल्या दात्याचा पुरावा आहे."

"लाइक?"

"छे! असलं काही नाही आमच्याकडे. फक्त 'उपयोगी' असं एक बटण आहे."

"तुम्हाला किती आलेत?"

"मी कुठे मोजायला बसतो?"

"अंदाजे सांगा."

"चार हजार दोनशे अकरा," भाऊजी म्हणाले.

ताईने पदर तोंडाला लावला. मी पाणी प्यायला घेतलं आणि ते भलतीकडे गेलं.

"फॉलोअर?"

"काय ते? नाही. 'ह्यांची उत्तरं वाचतात' अशी एक यादी असते. ती वेगळी."

"भांडणं होतात?"

"मतभेद होतात."

"लंबक म्हणून कोणी आहेत त्यांच्याशी?"

"तो..." भाऊजींनी श्वास घेतला. घड्याळाच्या पोटात गुंडाळलेली एक पोलादी पट्टी असते, चावी दिल्यावर तीच सगळं चालवते. तिला कमान म्हणतात. भाऊजी म्हणतात कमानीला पातळ तेलाचा एकच थेंब द्यावा. लंबक म्हणतो ग्रीस लावावं. "तो माणूस कमानीला ग्रीस लावतो. पावाला लोणी लावल्यासारखं! ह्याला मतभेद नाही म्हणत, ह्याला घड्याळाचा छळ म्हणतात."

"किती वर्षं चाललेत मतभेद?"

"सतरा."

"बाबा, माझं तर कोणाशी सतरा तास भांडण टिकत नाही."

पण भाऊजी सहजी हार मानणारे नव्हते. सुंभ जळेल, पीळ जाणार नाही, आणि हे तर कमानीचा पीळ जपणारे. त्यांनी खुर्ची मागे सारली आणि खास ठेवणीतला मुद्दा काढला. "हे बघ, सोशल मीडिया हा शब्द जन्माला यायच्या आधीपासून मी तिथे आहे. मग मी त्यात मोडेन कसा?"

"पणजोबा गेले तेव्हा त्यांना पणतू नव्हता," वकीलबाई म्हणाली, "तरी आज आपण त्यांना पणजोबाच म्हणतो ना?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी ताटात बघितलं.

"दुसरं असं," भाऊजी जरा खालच्या पट्टीत म्हणाले, "सोशल मीडियावर लोक स्वतःबद्दल बोलतात. मी हे खाल्लं, मी तिकडे गेलो, माझं हे दुखतं. आमच्याकडे फक्त घड्याळ."

हे बोलायला नको होतं. वकीलबाईने आधीच खाली एक विभाग शोधून ठेवला होता: 'घड्याळाव्यतिरिक्त'. त्यातली सर्वांत मोठी चर्चा 'गुडघे' नावाची. नऊ हजार संदेश. तिने पहिलाच मोठ्याने वाचला: "'मित्रहो, जिना उतरताना उजव्या गुडघ्यात कट्ट असा आवाज होतो. बनावट: माझी. लक्षण: वर लिहिलं आहे. आधी काय केलं: दुर्लक्ष.' लिहिणारे, सेकंदकाटा."

त्यानंतर जे हसणं झालं ते मी वर्णन करत नाही. ताईला उठून खिडकीशी जावं लागलं. पण खिडकीशी गेल्यावर तिचं हसू ओसरलं. परत आली तेव्हा तिने विचारलं, "अहो, तुमच्या गुडघ्यात आवाज होतो? मला कधी सांगितलं नाहीत?"

"तू काय करणार होतीस त्यात?" भाऊजी म्हणाले.

"ते काय करणार होते?"

"पितळने शेकायची पद्धत सांगितली. जुनी चावी बाईंनी पायरीला धरून करायचे दोन व्यायाम सांगितले. लंबक म्हणाला ग्रीस लाव." एवढं बोलून भाऊजी स्वतःच थबकले. आपण त्याची तक्रार करतोय की कौतुक, हे त्यांचं त्यांनाच कळेना.

ताई शाळेत ग्रंथपाल आहे. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, हे ठरवण्यात तिची पंचवीस वर्षं गेली. तिने टेबलावर हात ठेवला, म्हणजे आता निकाल. "हे बघा. पुस्तक कुठल्या कपाटात ठेवायचं हे लेखकाला विचारत नाहीत. ते शोधत येणारा माणूस कुठे हात घालेल, ते बघतात. तुमच्या मंचावर येणाऱ्यांनाच विचारा, तुम्ही इथे कशासाठी येता. ते म्हणाले हा सोशल मीडिया नाही, तर विषय संपला. म्हणाले आहे, तर दोनच वाटा. एक, तुम्ही परीक्षेपर्यंत मंच सोडायचा. दोन, हिला फोन परत. आणि उत्तर येईपर्यंत तिथे दुसरं काही वाचायचं नाही, लिहायचं नाही."

"मला हरकत नाही," वकीलबाई म्हणाली. "मी गुडघे वाचलेत."

"मलाही नाही," भाऊजी छाती काढून म्हणाले. "तिथली माणसं समंजस आहेत."

एक अडचण मात्र त्यांनी पोटात ठेवली. ती मला हात धुताना कळली. जुनी चावी ह्या बाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी आपल्या दिवंगत यजमानांचं घड्याळ आयुष्यात पहिल्यांदा स्वतः उघडलं होतं. त्रेसष्ट भाग जेवणाच्या टेबलावर मांडलेले. भाऊजी त्यांना रोज एकेक भाग परत बसवायला शिकवत होते. उंटावरून शेळ्या हाकण्याचाच प्रकार, पण त्या शेळ्या एकेचाळीसपर्यंत आल्या होत्या. पुढचा भाग कमान. "आणि मी मध्येच सोडलं तर?" भाऊजी नळ चालू ठेवूनच माझ्या कानाशी म्हणाले. "त्यांच्या घरची माणसं दीड महिना उभ्याने जेवताहेत."

त्याच दुपारी वकीलबाईच्या देखरेखीखाली प्रश्न गेला. भाऊजींनी तो सवयीने 'चालतं पण वाजत नाही' ह्या विभागात टाकला. "बनावट: हा मंच. लक्षण: आमची मुलगी म्हणते हा सोशल मीडिया आहे. आधी काय केलं: वाद. आपण सगळे इथे कशासाठी येतो, हे प्रत्येकाने प्रामाणिकपणे लिहावं."

प्रश्न मोठा होता, तेव्हा उत्तरं आठव्या दिवशी. घरात कोणाला ह्या नियमाची कल्पना नव्हती. वकीलबाई सोमवारी सकाळी विचारते, "आलं का?" भाऊजी म्हणतात, "अजून चावी उतरली नाही." तिला वाटलं बाबा वेळ काढताहेत.

वेळ निघत नव्हता, हा खरा प्रकार. आठ दिवस मंचाशिवाय, म्हणजे भाऊजींच्या आयुष्यात तेवीस वर्षांत पहिल्यांदा. पहिल्या दिवशी ते नेहमीच्या वेळी दुकानातल्या जुन्या संगणकापुढे बसले, पडदा पुसला, कळफलक उलटा करून त्यातला कचरा झाडला आणि उठले. दुसऱ्या दिवशी गजराचं घड्याळ घेऊन आलेल्या बाईंना त्यांनी थांबवून घेतलं आणि कमानीत तेल की ग्रीस, ह्यावर चाळीस मिनिटं ऐकवलं. त्या बाईंचं घड्याळ सेलचं होतं. तिसऱ्या दिवशी समोरचा चष्मेवाला धावत माझ्याकडे आला. "तुमचे मेहुणे बरे आहेत ना? आज त्यांनी मला विचारलं, कसे आहात! सोळा वर्षांत पहिल्यांदा. मी घाबरून दुकान लवकर बंद केलं."

चौथ्या दिवशी मीच जाऊन बघायचं ठरवलं. कारण काहीही असो, ह्या भानगडीची ठिणगी माझ्या तोंडातून उडाली होती.

दुकानाच्या दारातच थांबलो. घड्याळांच्या मधल्या रिकाम्या जागेत भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या. भाऊजींच्या बारीक, तिरक्या अक्षरात. 'पाठ पंख्याकडे करून बसू नये.' 'जुन्या स्क्रूला जोर नको, धीर हवा.' 'कमानीला तेल: थेंब एक.' मंचावर टाकता येत नाहीत म्हणून सुचलेली उत्तरं भिंतीवर लावली होती. आणि लोकांनी खाली लिहायला सुरुवात केली होती! पंख्याच्या चिठ्ठीखाली चष्मेवाल्याने लिहिलं होतं, 'मी पण. डावा खांदा.' त्याखाली कोणीतरी, 'गरम पाण्याची पिशवी.' त्याखाली गजराच्या घड्याळवाल्या बाई: 'उपयोगी.'

"भाऊजी, हे काय?"

"भिंत," ते म्हणाले.

"वकीलबाईने बघितली?"

"येऊन गेली काल शाळेतून. म्हणाली, ही भिंत पण सोशल मीडिया आहे. मी म्हटलं, मग गल्लीतला बाकही आहे, आणि न्हाव्याचं दुकानही आहे. तर म्हणते कशी, तिथे तुम्ही कुठे जाता?" भाऊजींनी भिंग डोळ्यावरून काढून फुंकरलं. "ह्या पोरीला आपण बोलायला शिकवलंच कशाला?"

मी उंबऱ्यावरच बसलो. तीस घड्याळं आपापल्या वेळेने टकटकत होती. भाऊजी खाली बघूनच म्हणाले, "जुनी चावी बाईंचा आता एकेचाळिसावर डाव अडला असेल. त्या धीराच्या आहेत. पण सून चिडकी आहे. पितळचा मुलगा परगावी गेलाय, त्याला ह्या महिन्यात एकटं वाटतं, मग तो मुद्दाम चुकीचे प्रश्न विचारतो, म्हणजे चार जण येऊन रागावतील. मी रागावायला गेलो नाही ह्या वेळी."

ज्याला शेजारी बदललेला कळत नाही तो माणूस हे बोलत होता.

आठवा दिवस रविवारचा. टेबल पुसून ठेवलं होतं. माझ्या फोनवर मंच उघडायला नेहमीएवढाच वेळ लागला. तेवढ्यात ताईने चहा ओतला. अकरा उत्तरं आली होती. ताईने चष्मा लावला आणि वाचायला घेतलं, कारण भाऊजींचा आवाज बसला होता आणि वकीलबाईवर कोणाचा विश्वास नव्हता.

पहिलं, पितळ: 'प्रश्न चुकीच्या विभागात आहे.'

दुसरं, कोणी नवखा: 'आधी काय केलं ह्यात नुसता "वाद" लिहून भागत नाही. वाद किती दिवस, कोणत्या पद्धतीने?'

तिसरं: 'माझ्या सुनेनेही हेच विचारलं होतं. मी तिला सांगितलं, मी कामात आहे. तेव्हापासून मी कामात आहे.'

चौथं, पाचवं, सहावं असंच. "मुद्द्यावर कोणी येतच नाही," वकीलबाई वैतागली. "म्हणून तर इथे मन रमतं," भाऊजी म्हणाले आणि जीभ चावली.

सातवं जुनी चावी बाईंचं. 'मी इथे घड्याळासाठी आले होते. ते आता नुसतं निमित्त राहिलं. आता रोज सकाळी आज काय शिकवतील म्हणून येते. घरचे विचारतात, कोण आहेत हे सेकंदकाटा? मी सांगते, ओळखीचे आहेत.' ताई हे वाचताना थांबली नाही, पण तिने सावकाश वाचलं.

अकरावं उत्तर लंबकाचं होतं. भाऊजी खुर्चीत ताठ झाले.

'सेकंदकाटा ह्यांच्याशी माझं सतरा वर्षांत एकदाही पटलेलं नाही,' ताईने वाचलं, 'आणि आताही पटत नाही. ते म्हणतात हा सोशल मीडिया नाही. तेव्हा तो आहे, ह्यात मला शंका उरलेली नाही. पुरावा देतो. आठ दिवस ते इथे फिरकले नाहीत. मी रोज तीनदा येऊन बघून गेलो. बंद पडलेल्या घड्याळाकडे कोणी दिवसातून तीनदा बघत नाही. मुलीची परीक्षा आहे असं मागे एकदा गुडघ्यांच्या चर्चेत त्यांनीच लिहिलं होतं. त्यांनी खुशाल जावं. परीक्षा होईपर्यंत त्यांच्या वाटची उत्तरं मी देईन. जुनी चावी बाईंच्या कमानीपासून सुरुवात करतो.'

 उंच घड्याळाच्या पेटीतून लंबकाचा आवाज येत होता, आणि मध्येच कधीतरी तो पेटीतल्या फोनला घासून जायचा.

भाऊजींचे कान आधी लाल झाले, मग पांढरे, मग पुन्हा लाल. माणूस कात्रीत सापडणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी समोरासमोर बघितलं. मंच सोडावा, तर बाईंच्या यजमानांच्या घड्याळात ग्रीस. मंच धरावा, तर पोरीच्या हातात फोन आणि स्वतःच्या सहीवर पाणी.

वकीलबाईने बापाकडे बघितलं. खटला ती जिंकली होती, पण जिंकल्यासारखी दिसत नव्हती. "बाबा," ती म्हणाली, "रोज अर्धा तास चालेल मला. मी काही म्हणणार नाही. फोनही मागणार नाही."

"नाही," भाऊजी म्हणाले.

"अहो, ती स्वतःहून म्हणतेय—" ताई म्हणाली.

"नाही म्हणजे नाही. सही माझी आहे. अर्धा तास चालणाऱ्या घड्याळाला आपण चालतं म्हणतो का?" आणि मग, जुना स्क्रू काढावा तसा एकेक शब्द काढत, "आहे. सोशल मीडियाच आहे तो. होता. पहिल्या दिवसापासून होता. मी त्याला घड्याळ म्हणत होतो, एवढंच."

ते उठले, घरातल्या कोपऱ्यातल्या संगणकाशी बसले आणि दोन बोटांनी शेवटचा संदेश लिहायला लागले. आम्हाला बघू दिला नाही. ताईने फक्त एवढीच परवानगी दिली, की निरोपाचा एक संदेश म्हणजे बंदी मोडणं नव्हे. संदेश गेला. भाऊजी तसेच बसून राहिले. आणि इतक्यात, आठव्या दिवसाचा तेवीस वर्षांचा रिवाज धाब्यावर बसवून, तीन मिनिटांत उत्तर आलं. भाऊजींनी ते वाचलं, संगणक बंद केला, आणि हात चोळत म्हणाले, "उद्या दुकानात दुसरी खुर्ची लागेल. मेहुणे, तुमच्याकडची ती घडीची आहे ना, ती आणून द्या."

"कोणासाठी?"

"लंबक येतोय. बसने तासाभराच्या अंतरावर राहतो म्हणे. सतरा वर्षं तासाभरावर! मी दुकानाचा पत्ता टाकला आणि लिहिलं, हिंमत असेल तर समोर येऊन ग्रीस लावून दाखव."

"पण मग हेही मोडणंच झालं," वकीलबाईने बोट वर केलं. "त्यांच्याकडून तुम्ही मंचावर उत्तरं लिहून घेणार!"

ताईने चष्मा काढला. "जो माणूस बसचं तिकीट काढून, गल्ली शोधत येतो, तो सोशल मीडिया नसतो. तो पाहुणा असतो. त्याचं कपाट वेगळं." वकीलबाईने जरा विचार केला, मग फ्रिजवरच्या कागदावर खाली बारीक अक्षरात ओळ वाढवली: 'पाहुणे चालतील.' आणि स्वतःची पुस्तकं घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुर्ची घेऊन दुकानात गेलो. भाऊजींनी दाढी केली होती. टेबल लख्ख पुसलेलं, मधोमध एक कमान उलगडून ठेवलेली, तिच्या एका बाजूला तेलाची बारकी बाटली आणि दुसऱ्या बाजूला, विश्वास बसणार नाही, ग्रीसचा नवाकोरा डबा. शेजारी दोन कप. चष्मेवाला दारात उभा राहून रस्त्याकडे नजर ठेवून होता. कोणी अनोळखी माणूस दिसला की खुणेने सांगायची जबाबदारी त्याने आपणहून घेतली होती. भाऊजी दर दोन मिनिटांनी सदऱ्याची बाही नीट करत होते आणि मी बघतोय हे दिसलं की चिमटा हातात घेत होते.

मला राहवेना. म्हटलं, "भाऊजी, खरं सांगा, ज्याचं नाव काढलं तरी तुमचं डोकं फिरायचं त्याला तुम्ही चहाला बोलावलंत?"

भाऊजींनी भिंग डोळ्यावर ओढलं आणि कमानीकडे बघत म्हणाले, "चहाला नाही, दुरुस्तीला."